रहीमभाईच्या ओसरीखाली पाहिलेली नाडी

नर्स म्हणून मी काय दिवे लावलेत, ते आज सांगूनच टाकते. आधी तो चहा संपवा, नाहीतर ठसका लागेल.

साल असेल पंच्याऐंशी-शहाऐंशी. मी चंद्रपूरची, मुलचेऱ्याला नवीनच रुजू झालेले. घरोघर फिरून तापकरी शोधायचे, बोट टोचून रक्त घ्यायचं, हे काम. थंडीतली सकाळ. धुकं असं, की स्वतःचे पाय दिसेनात. गावाच्या टोकाला, जंगलाला लागून रहीमभाई सुताराचं घर. मी त्याला तोवर पाहिलंही नव्हतं.

अंगणात शिरले आणि थबकलेच. चुलीवर पिंप, त्यातून निघालेली नळी एका लाकडी पेटीत गेलेली. पेटी माणसाच्या लांबीची. फटीफटीतून वाफ, आणि आत कुणी कण्हावं तसा आवाज.

पेटीमागून बाईचा आवाज आला, "पाठ नरम झाली का जी?"

"नाई अजून. काल घाई केली तं कमरेतूनच मोडली," पुरुष शांतपणे म्हणाला.

"अन् तो बाहेर पडून हाये, त्याचं?"

"त्याचे पाय दुपारी वाकवू. साहेब यायच्या आधी उरकाले पाह्यजे."

आता सांगा, तुम्ही काय समजला असता? पळून जावं वाटलं. पण बाहेर कोण पडलंय, ते तरी पाहायला हवं ना?

ओसरीखाली ओल्या गोणपाटात काहीतरी लांबट गुंडाळलेलं होतं. गुडघे टेकून आत हात घातला. थंडगार, ओलं, गोल, गुळगुळीत. बोटं दाबून नाडी पाहिली. लागेना. मग घड्याळ धरून पुरतं एक मिनिट पाहिली.

"गेला हो हा," म्हणत मी रडायलाच लागले.

रहीमभाई धावत आला, मागोमाग त्याची बायको बानोबी.

"कोन गेला, बाई?"

मी गोणपाटाकडे बोट दाखवलं. त्यानं ते उलगडलं. आत धावड्याच्या लाकडाचा भिजवलेला लांब दांडा.

"साहेबाच्या रेस्ट हाऊसची विलायती खुर्ची मोडली," तो सांगू लागला. "इंग्रजाच्या वक्ताची. सहा वाकवलेली लाकडं अन् मूठभर स्क्रू, कोरलेला सांधा एक नाई. तशीच बनवून राह्यलो. लाकूड वाफेत नरम करतो, मंग साच्यावर वाकवतो. हा तिचा पाय हाये, बाई."

इथं मी गप्प बसले असते, तर सगळं तिथंच मिटलं असतं. पण नाही. डोळे पुसले आणि ठासून म्हणाले, "मंग काय झालं? नाडी पायालेही असते."