एक कान रोह्याला, एक खाडीला

पोपट म्हात्रे हे नाव ऐकून कुणी गप्पांच्या आशेने त्यांच्या ओटीवर जाऊन बसला, तर चहा पिऊन, पान खाऊन, वर एक डुलकी काढून परत येईल. पण वाक्य एकही ऐकून येणार नाही. अख्ख्या पेण तालुक्यात इतका मुका पोपट दुसरा नसेल. या माणसाची जगाशी सगळी देवाणघेवाण कानांनी चालते, आणि त्यातही नुसती घेवाण.

धरमतरच्या खाडीकाठी त्यांचं गाव. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला भातशेती आणि मध्ये मातीचा लांबच लांब बांध. पावसाचं पाणी बाहेर काढायला बांधात लाकडी झडपांची दारं असतात, त्यांना उघाडी म्हणायचं. अमावास्या-पौर्णिमेला उधाण आलं की खारं पाणी बांधाला छाती लावून उभं राहतं. अशा वेळी एखाद्या खेकड्याने बांधात बीळ केलेलं असलं, की पाणी त्याच्याच दारातून आत येतं. बोटाएवढी धार तासाभरात बैल जाईल एवढी होते. तिला गावात खांड म्हणतात. खांड गेली की ते शेत तीन वर्षं भाताचं राहत नाही, मिठाचं होतं.

म्हणून उधाणाच्या दिवसांत पोपटदादा खांद्यावर फावडं टाकून बांधावरून चालतात. बघत नाहीत, ऐकत चालतात. धार दिसायच्या आधी ऐकू येते, असं त्यांचं म्हणणं आहे. हे म्हणणंही मला शेजारच्या धोंडुबाईंकडून कळलं.

आता अडचण अशी की उधाणाची भरती दुपारी बारा-एकला भरते, आणि त्यांची मुलगी भूमिका रोह्याला ज्या कंपनीत आहे तिथे जेवणाची सुट्टी साडेबाराला होते. आई गेल्यापासून ती रोज त्या सुट्टीत बापाला फोन करते. उधाणाच्या दिवशी मात्र फोन प्लास्टिकच्या पिशवीत बाभळीला टांगलेला असायचा आणि बाप बांधावर. चंद्राने आणि कंपनीने एकमेकांना न विचारता घातलेला हा घोळ.

गेल्या नारळी पुनवेला पोपटदादा बांधावरून घसरले. पाय मुरगळला आणि ओहोटी लागेपर्यंत ते गुडघाभर चिखलात बसून राहिले. तिकडे बाभळ बावीस वेळा वाजली.

"आता बास झाला," भूमिका म्हणाली. "रोह्याला चल. बांध दुसरा कोन बघंल."

रोह्याला ते एकदा राहून आले होते. बायको गेली तेव्हा मुलीने नेलं होतं. पहिले चार दिवस त्यांनी इमारतीतले गळके नळ ऐकले आणि तिन्ही मजल्यांवर जाऊन स्वतःच्या हाताने वायसर बदलले. पाचव्या दिवशी ऐकायला काही उरलं नाही, तेव्हा पिशवी उचलून घरी आले.

ते बोलेनात, तेव्हा भूमिकाने अट घातली. श्रावणाच्या अवसेपासून भादव्याच्या अवसेपर्यंत जेवढी उधाणं येतील, त्यांत एकही फोन चुकवायचा नाही. "एक जरी चुकला ना बाबा, तर मी गाडी करून येईन नि तुला पेटीसकट नेईन."

"व्हय," पोपटदादा म्हणाले. त्या आठवड्यातलं ते त्यांचं दुसरं वाक्य असावं.

अट घालून ती थांबली नाही, फोन कानालाच राहावा म्हणून बिनतारी बोंडंही पाठवली. रबरी, कानात गच्च बसणारी. ती घालून ते बांधावर गेले आणि दहा मिनिटांत परत आले. डबी पेटीवर ठेवली. "कानाला बूच मारलं तर पानी माझ्याशी कसा बोलंल?"

मग सुट्टीच्या दिवशी बाप-लेक पेणला नमिताच्या मोबाइलच्या दुकानात गेले. नमिताने इअरफोन काढले, पट्टेवाले दाखवले, दांडीवाले दाखवले आणि शेवटी एक चिमटा काढला. कुडीएवढा.

"काका, हा कानात जातच नाही. कडेला अडकवायचा. कानाचं भोक मोकळं."

पोपटदादांनी तो उलटसुलट केला. "गानं लावा."

"कुठलं?"

"मोठं."

गाणं लागलं. पोपटदादांनी गिऱ्हाइकांकडे पाठ केली, डोळे मिटले. "आता पाठीमागं पानी सोडा. बाटलीतून गलासात. थेंब थेंब."

नमिताने अकरा वर्षं दुकान चालवलंय. फोन दाताने चावून बघणारी गिऱ्हाइकंही तिने पाहिलीत. तिने निमूटपणे बाटली तिरकी केली. पोपटदादा बोटांवर मोजत राहिले.

"सात."

"चुकलात काका. सहाच सोडले मी."

"सातवा त्या कोपऱ्यात. एशी गळतोय तुमचा."

सगळ्यांनी कोपऱ्यात पाहिलं. गळत होता.

"भुरभुर पाऊस, घाम चालेल," नमिता म्हणाली. "खाडीत मात्र बुडवू नका. एकदा चार्ज केला की सहा तास."

"भरती सहाच तासांची," पोपटदादा म्हणाले आणि खरेदी झाली.

दुसऱ्या दिवशी धोंडुबाईंनी त्यांना फोनची पिशवी गळ्यात अडकवून बांधाकडे जाताना पाहिलं आणि हातातलं सूप खाली ठेवलं. "काय रं पोपट, म्हातारपनी भिकबाळी? कुठं पोरगी बगायला चाललंस?"

त्यात चेष्टा होती आणि जुनी आठवणही. पोपटदादांच्या आधीची तीन भावंडं पाळण्यातच गेली. म्हणून हा जन्मला तेव्हा आईने पाच घरी भीक मागून सोनं आणलं आणि याच्या उजव्या कानाच्या वरच्या पाळीत बाळी घातली. ती बाळी पुढे मोडून भूमिकाची कुडी झाली. भोक तेवढं राहिलं. चिमटा हातात आल्यावर हात आपोआप त्या ओळखीच्या जागी गेला. कानाला दागिना लावायची जागा त्यांच्या लेखी तेवढी एकच.

परिणाम असा की पहिलं अख्खं उधाण भूमिकाचा आवाज त्यांना पलीकडच्या काठावरून आल्यासारखा बारीक येत होता. ते तिच्याशी ओरडून बोलत होते. बोलत म्हणजे "हाय" आणि "नाय". तक्रार नाही. रोहा काय जवळ आहे?

रविवारी ती आली, तेव्हा तिने पाहिलं. कपाळाला हात लावला, चिमटा काढून कानाच्या मधोमध बसवला आणि मागच्या पडवीत जाऊन फोन लावला.

"बाबा, आता येतंय नीट?"

पोपटदादांनी दचकून मागे पाहिलं. मागे कुणी नव्हतं. "एवढी जवळ हायस व्हय," ते म्हणाले.

पुनवेच्या उधाणाला नवीनच भानगड निघाली. हे यंत्र फार हुशार. बोलणाऱ्याचा आवाज तेवढा पुढे पाठवतं आणि बाकीचा गोंगाट गाळून टाकतं. आता खाडी म्हणजे गोंगाट, हे त्याला कुणी शिकवलं कोण जाणे.

"बाबा, खरं सांग. घरात पंख्याखाली बसून फोन घेतंस ना?"

"बांधावर हाय."

"मग वारा कुठाय? पानी कुठाय? मना तर कायच आयकू येत नाय."

अट फोन उचलण्याची होती, पण मुलीला खोटं वाटावं हे त्यांना सोसेना. जन्मभर जे कान आत घेत आले, ते आता तोंडाला बाहेर काढावं लागलं.

"दुसऱ्या उघाडीपाशी हाय," ते म्हणाले. "दार फळीवर आपटतंय. धप... धप. बगला उडाला. पानी आता गवतात शिरलं, ते कसं माहित हाय का, कोन भात धुतंय असं वाजतंय."

पलीकडे डब्याचं झाकण उघडल्याचा आवाज झाला आणि थांबला. भूमिका त्याच बांधावर लहानाची मोठी झाली होती. "आनि?" ती म्हणाली.

त्यानंतर रोज साडेबाराला पोपटदादा बोलू लागले. एक कान मुलीकडे, दुसरा खाडीकडे, आणि मधल्या तोंडाने एकीची खबर दुसरीला. धोंडुबाईंनी गावात सांगितलं की पोपट बांधावर एकटाच बडबडत फिरतो, कुणीतरी बघा.

भादव्याच्या अवसेला भातं पोटरीला आली होती. अटीचं शेवटचं उधाण. पोपटदादा बगळ्याचं काहीतरी सांगत होते आणि मध्येच थांबले.

"बाबा?"

"बोलू नको."

ती गप्प राहिली. तिला त्यांचा श्वास तेवढा येत होता. त्यांना मात्र बांधाच्या आतल्या अंगाला, गवताखाली, गुळगुळ ऐकू येत होती. सुरईतून ओतल्यासारखी.

"भूमिका, रवीला सांग. तिसऱ्या उघाडीच्या पुढं. पेंडा घेऊन या म्हनावं. लवकर."

रवी वाघमारे पलीकडच्या वाडीतला. बांधाची माती त्याच्याइतकी कुणाला कळत नाही. पण त्याला फोन करायचा तर बापाचा फोन कापायला हवा. चिखलात तीन तास बसलेला बाप भूमिकाच्या डोळ्यासमोर आला असणार. तिने फोन कापला.

पोपटदादांनी फावड्याने चिखल ओढला. धार मुठीएवढी झाली. शेवटी ते वळले, पाठ त्या भोकाला लावली आणि पाय रोवून बसले. कानात कुणी नव्हतं. मागून खाडी पाठीला ढकलत होती आणि समोर गावाचं भात उभं होतं. असा पाव तास गेला.

मग कानात रिंग वाजली. दोन्ही हात कोपरापर्यंत चिखलात. पोपटदादांनी मान वाकडी केली आणि कान खांद्यावर घासून फोन उचलला.

"आले का रं ते?" भूमिकाने विचारलं.

"आले. रवी हाय, अजून दोघं हायत." त्यांना धाप लागली होती, तरी ते बोलत राहिले. "मना बाजूला केला नि पेंडा घातला. आता रवी पायानं दाबतोय. गुळगुळ बारीक झाली... बारीक झाली... थांबली."

तिकडे कंपनीचा भोंगा झाला.

"तुझी सुट्टी संपली. जेवलीस?"

"नाय."

"झाकन वाजलंच नाय, तवाच कळला मना." त्यांनी हातावरचा चिखल गवताला पुसला. "मधी फोन तुटला होता. तो चुकलेल्यात धरायचा का?"

"तो मी कापला. तो नाय धरायचा." आणि मग ती म्हणाली, "रविवारी येतंय मी."

पोपटदादांनी रवीकडे पाहिलं, बांधाकडे पाहिलं. "गाडी करून?"

"एसटीनं."