साडेसहाशेचा डबा आणि घाट

२०२३ साल. मला एकाहत्तरावं लागलं होतं आणि जड गाडीचं लायसन आता पुन्हा मिळणार नाही, असं आरटीओच्या साहेबानं तोंडावर सांगितलं होतं. डोळ्यांचं कारण. सगळा जन्म मालट्रक चालवलेला माणूस मी. भवानी पेठेतल्या घरात खाटेवर बसून रस्त्यावरच्या रिक्षावाल्यांना शिव्या घालायचो. दुसरं काम उरलं नव्हतं.

धाकटी मुलगी घरूनच नोकरी करते. अजून बांधलीच नाहीत अशा घरांची चित्रं कॉम्प्युटरवर तयार करते आणि काम संपलं की त्याच्यावरच खेळ खेळते. त्या वर्षी तिनं नवा कॉम्प्युटर जुळवायला घेतला. म्हणाली, "अप्पा, ह्यात ट्रक चालवायचा खेळ टाकते. खरं स्टेअरिंग, पेडल, समोर तीन पडदे. तुम्ही चालवायचा."

"मी काय बारकं पोर हाय का?" मी म्हणालो. पण आतून गियर पडला होता.

त्यात ग्राफिक्स कार्डं दोन बसायची होती. एक माझ्या पडद्यांना, दुसरं तिच्या चित्रांना. ती चित्रं पक्की व्हायला कॉम्प्युटरवर तासन्‌तास शिजत ठेवावी लागतात. ह्या सगळ्यांना करंट पुरवणारा एक लोखंडी डबा असतो, पॉवर सप्लाय. तो घ्यायला मुलीबरोबर मी स्वतः दुकानात गेलो. इंजिन बघायला ड्रायव्हरच पाहिजे की.

मुलीनं हजार वॅटचा मागितला. मी साडेसहाशेचा उचलला. "हा बास झाला."

"अप्पा, कार्डं दोन आहेत. दोन्ही एकदम जोर लावतात तेव्हा लई ओढतात. हा बंद पडेल."

"काका, ताईंचं बरोबर हाय," दुकानदार म्हणाला. झालं. त्यानं असं म्हटलं आणि मी हटून बसलो.

"नऊ टनाच्या गाडीत तेरा टन माल भरून कुंभार्ली घाट चढलोय मी. वर लिहिलेलं असतं ते कमीच असतं. भिऊन लिहित्यात."

मुलगी म्हणाली, "बरं. तुमची गाडी, तुमचा डबा."

घरी सगळं जुळवल्यावर खेळातल्या सपाट रस्त्याला गाडी झकास पळाली. मग मला राहवेना. माझ्या गाडीवरचा जुना क्लीनर आता माढ्याकडं शेती बघतो, त्याला फोन केला. रविवारी ये, गाडी चालवून दाखवतो.

तो धुतलेली टोपी घालून आला. खुर्ची ओढून माझ्या डाव्या अंगाला बसला, केबिनमध्ये बसायचा तसाच. जरा वेळानं डावीकडच्या पडद्याकडं वाकून म्हणायला लागला, "येऊ द्या वस्ताद, रिकामं हाय." मला हे लई बरं वाटलं.

पुढं घाट आला. परदेशातला, पण घाट तो घाटच. त्याच कॉम्प्युटरच्या दुसऱ्या कार्डावर मुलीचं चित्र शिजत होतं. निम्म्या वळणावर तिन्ही पडदे काळे झाले. पंख्याचा आवाजसुद्धा थांबला.

तेवढ्यात हा बाबा खुर्चीतून ताडकन उठला आणि खाटेखाली वाकून बघायला लागला.

"काय शोधतोस रं?"

तो ओशाळला. "दगड," म्हणाला. "चाकामागं लावाया."

घाटात गाडी दमली की माझा पाय ब्रेकवर पडायच्या आत तो खाली उडी मारून दगड लावायचा. त्याच्या जिवावर मी घाटात निवांत असायचो. आता त्याचे गुडघे कुरकुरत होते, तरी उठला. मग स्वतःच हसला. "आजबी वरपत्तुर भरली व्हय गाडी? तुमची खोड काय गेली न्हाय, वस्ताद."

मुलगी 'मी सांगितलं होतं' म्हणू शकली असती. ती नुसतं म्हणाली, "अप्पा, मी माझं चित्र थांबवते. मग चढेल गाडी."

हे मात्र लागलं मला. माझी गाडी वर जावी म्हणून पोरीनं आपला माल खाली उतरवायचा? उभ्या जन्मात मी घाटात कुणाचा माल उतरवला नव्हता. "ऱ्हाऊ दे," म्हणालो. "च्या टाक."

जाताना तो दारात म्हणाला, "गाडी लई ब्येस हाय. पर इंजान बदला."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाशेचा डबा पिशवीत घालून मी दुकान उघडायच्या आधीच पायरीवर जाऊन बसलो.

"काका, ताई म्हणत होत्या तोच देऊ का?" दुकानदारानं विचारलं.

"मी म्हणतो तो दे. हजारचा."

तिथूनच माढ्याला फोन लावला. "रविवारी परत ये. आता दगड लागणार न्हाय."

"येतो की. पर दगड आणतोच."

मग डबा मांडीवर घेऊन रिक्षात बसलो. वर हजार लिहिलं होतं. बाराशे तरी सहज ओढेल, असं मनात आलं. पण बोललो नाही कुणाला.