निळसर नखं आणि दुधट टॉप कोट

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. परवा मुलीने नेलपॉलिशची बाटली उघडली आणि त्या उग्र वासासरशी मल्लेश्वरममधलं आमचं घर समोर उभं राहिलं. माझ्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या साखरपुड्याची सकाळ होती. जिना चढून ती धापा टाकत बसली, तेव्हा तिच्या नखांवरच्या फिक्या, पारदर्शक रंगाखालून निळी झाक दिसली. “आधी डॉक्टरकडे चल,” मी म्हणालो. “सरी, बरं, जाऊ की. पण अंगठी तर घालू दे! सासूबाईंना गडद रंग चालत नाही, म्हणून यावर नीट बसेल असा दुधट टॉप कोट आण, तम्मा. आणि आईला बोललास तर बघ!” धाकट्या भावाला ती कानडीतून तम्माच म्हणायची. दुकानातली बाई म्हणाली, “त्याच कंपनीचा घ्या, दुसऱ्याने रंग सुरकुततो.” मी आणला. तिची धाप अजून ओसरली नव्हती, म्हणून एकेक नख मीच झाकलं. दुपारी आईने ते हात हातात घेतले. “किती गोजिरी दिसतात गं नखं!” मी बाटली खिशात सरकवली. डॉक्टरकडे जाणं पुढे ढकलत राहिलो आणि दोन आठवड्यांनी अक्काचं हृदय बंद पडलं. “आधी काहीच कसं दिसलं नाही रे?” असं आई अजून विचारते. मला दिसलं होतं, एवढं सांगण्याचं मी तिचं देणं लागतो.