फ्लॉसी आणि शेगडीवरचा ओव्हन

फ्लॉसी माझी मावसबहीण. नालासोपाऱ्याजवळच्या गास गावात आमची घरं शेजारी शेजारी, मध्ये फक्त केळीचा एक पट्टा. ती माझ्याहून मोठी, पण मी तिला लहानपणापासून नावानंच हाक मारते आणि ती मला फेली म्हणते.

ती स्वस्थ बसलेली मला आठवत नाही. "टेक गं जरा" म्हटलं की खुर्चीच्या कडेला टेकायची आणि वाक्य अर्धवट सोडून उठायची. लग्न होऊन आली तेव्हापासून पहाटे मोगरा तोडायचा, टोपली नालासोपाऱ्याच्या बाजारात न्यायची, परत येऊन भाजीला पाणी आणि मग स्वयंपाक. तिचा नवरा पीटर वालीवच्या एका कारखान्यात लेथ मशीनवर होता. संध्याकाळी कामावरून आला की हात धुऊन सरळ स्वयंपाकघरात यायचा, शेगडीशेजारी स्टूल ओढून चहा प्यायचा आणि कारखान्यात काय काय झालं ते सांगायचा. ती ऐकत ऐकत मासे साफ करायची. तो निवृत्त झाला, तरी स्टूल आणि चहा सुटला नाही. बोलायला कारखाना उरला नव्हता, मग तो गावातलं सांगायचा.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटाला पीटर वाडीत चक्कर येऊन पडला. हृदयाचे ठोके मध्येच थांबत होते. डॉक्टरांनी छातीत पेसमेकर बसवला आणि तो बरा होऊन घरी आला. बरी झाली नाही ती फ्लॉसी. आधी ती कामासाठी धावायची, आता भीतीनं. तो दुपारी झोपला की नाकासमोर हात धरून श्वास बघायची. न्हाणीघरात जरा वेळ लागला की दार ठोकायची.

नाताळात जॉयल आला. त्यांचा एकुलता मुलगा, कॅनडात असतो. घर त्यानंच नवीन बांधून दिलं होतं, फक्त स्वयंपाकघर जुनं राहिलं होतं. येण्याआधीच त्यानं फोनवरून सगळं ठरवलं आणि आल्यावर ते पूर्ण करून घेतलं. ओटा नवा, कपाटं नवी, आणि गॅसच्या शेगडीच्या बरोबर वर भिंतीला पक्का बसवलेला मायक्रोवेव्ह ओव्हन. त्याच्या तळाला धूर ओढणारा पंखा, पंख्याखाली धातूची बारीक जाळी, जाळीशेजारी दिवा. तिकडे घराघरांत असाच असतो, म्हणाला. "मम्मी, तू आयुष्यभर धुरात उभी राहिलीस. आता धूर वरच्या वर जाईल. आणि डॅडींना काही गरम करून द्यायचं तर गॅस पेटवायला नको."

त्यानं सगळं समजावून सांगितलं. काचेचं भांडं ठेवायचं, स्टीलचं नाही. आत काही नसताना चालू करायचा नाही. जाळी काढून गरम साबणाच्या पाण्यात धुवायची. फ्लॉसी हो हो म्हणत होती, पण तिचं लक्ष जेवण वाढण्याकडे होतं. जानेवारीत तो परत गेला.

तो गेल्यावर काही दिवसांतच तिनं मला हाक मारली. ती ओट्यापासून दूर, भिंतीला पाठ लावून उभी होती.

"फेली, हे आपोआप चालू झालं. मी हात लावला नाही."

शेगडीवर दोन्ही बर्नर मोठ्या आचेवर होते, वर ओव्हनचा पंखा घरघरत होता. बटणं दाबून पाहिली, बंद होईना. गॅस बंद केल्यावर बऱ्याच वेळानं तो आपला आपण थांबला. शेगडीची आच जास्त झाली की ओव्हन तापू नये म्हणून पंखा स्वतः सुरू होतो, हे आम्हां दोघींनाही ठाऊक नव्हतं. फ्लॉसीनं ठरवून टाकलं की यंत्रात बिघाड आहे.

त्यात समोरची कार्मिन येऊन सांगून गेली की पेसमेकरवाल्या माणसानं मायक्रोवेव्हजवळ उभं राहू नये, लहरींनी छातीतलं यंत्र बंद पडतं. तिच्या कुणा नातेवाइकानं तसं ऐकलं होतं. झालं. त्या दिवसापासून पीटरला स्वयंपाकघर बंद. दारात दिसला की फ्लॉसी ओरडायची, "मागे हो." पाणी हवं तर बाहेरून मागायचं. चहा पडवीत. तिनं त्याचं स्टूलही पडवीत नेऊन ठेवलं.

"अगं, डॉक्टर असं काही म्हणाले नाहीत," तो म्हणायचा.

"ते सगळं सांगतात का? त्यांना वेळ असतो का?"

"मग विचारू या."

"विचारायचं काय त्यात. लांब राहायचं, संपलं."

पीटर भांडणारा माणूस नव्हे. तो पडवीत बसून रस्त्याकडे बघायचा. ती आत एकटी, तो बाहेर एकटा, आणि दर थोड्या वेळानं तिची हाक, "पीटर?" त्यानं "हां" म्हटलं की ती परत कामाला. बोलणं तेवढंच उरलं. मला ते बघवत नव्हतं, पण तिच्यापुढे माझंही काही चालत नव्हतं.

ओव्हन ती तरीही वापरायची, कारण जॉयल व्हिडिओ कॉलवर विचारायचा. अडचण अशी की फ्लॉसी ठेंगणी. ओव्हनचं दार तिच्या डोळ्यांच्या वर. रस्सा काढायचा तर पेटत्या शेगडीवरून हात वर करून, टाचा उचलून गरम भांडं खाली आणायचं. एकदा पीटरच्या औषधासाठी तिनं कपभर पाणी आत ठेवलं आणि लक्ष नाही म्हणून जास्तच वेळ लावला. बाहेर काढलं तेव्हा पाणी अगदी शांत, एक बुडबुडा नाही. गार असेल म्हणून तिनं त्यात चमचा घातला आणि पाणी एकदम उसळून तिच्या मनगटावर आलं. मी धावत गेले, नळाखाली हात धरून ठेवला, मग दवाखान्यात नेलं. पाणी उकळीच्या पुढे तापूनही असं गप्प राहू शकतं, थोडा वेळ आतच राहू द्यायचं, लगेच ढवळायचं नाही, हे दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं.

घरी येऊन फ्लॉसीनं ओव्हनचं बटण भिंतीवरच्या बोर्डावर बंद केलं.

"आता ना ते तापणार, ना ते आपोआप घरघरणार," ती म्हणाली.

आतल्या जागेचा तिनं कपाटासारखा उपयोग केला. पाव, बिस्किटं, कागदी पिशव्या. मुंग्या लागत नाहीत, म्हणाली. जॉयलचा फोन आला की सगळं छान चाललंय म्हणायची.

"जाळी धुतेस ना, मम्मी?"

"हो रे, धुते."

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "कुठली जाळी?" तिनं खांदे उडवले. वर बघायला तिला सवड नव्हती. शेगडीवर रोज बोंबील, रोज फोडणी, आणि वर पंखा बंद. तेलाची वाफ जाऊन जाऊन जाळीवर चिकट पिवळा थर बसत होता.

उन्हाळ्यात कार्मिनच्या नातीचा चर्चमधला पहिल्या कम्युनियनचा सोहळा होता. फुगे करायचं फ्लॉसीनं अंगावर घेतलं. फुगे म्हणजे आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोल, आमच्याकडे कुठल्याही सणाला हवेतच. दुपारी पिठाचा डबा फुगून वर आला होता, घाणे निघत होते, मी गोळे सोडत होते आणि ती झाऱ्यानं काढत होती. तेल कमी पडलं म्हणून मी माझ्या घरून आणायला निघाले. तिनं उरलेलं तेल तापत राहू दे म्हणून आच मोठीच ठेवली आणि नेहमीसारखी हाक मारली, "पीटर?"

उत्तर आलं नाही.

ती पडवीत गेली. स्टूल रिकामं. न्हाणीघर रिकामं. मग ती चपला न घालताच वाडीत पळाली. पीटर खाली विहिरीच्या बाजूला मोटरचा पाइप सुटला होता तो बसवत होता. मी केळीतून तेलाचा डबा घेऊन येत होते, तेव्हा ती त्याला बोलत होती आणि तो ओल्या हातांनी उभा राहून ऐकत होता.

"सांगून जाता येत नाही तुला? मला वाटलं..."

"फ्लॉसी, मी फक्त पाइप..." एवढं बोलून त्यानं मान वर केली. जळका वास आधी त्याला आला.

आम्ही तिघंही धावलो. स्वयंपाकघरात कढईतल्या तेलानं पेट घेतला होता. ज्वाळा वर ओव्हनच्या तळाला लागत होत्या आणि जाळीवरचं साचलेलं तेल पेटून थेंब थेंब खाली पडत होतं. फ्लॉसीनं पाण्याची कळशी उचलली. पीटरनं तिचा हात पकडला, इतका घट्ट की नंतर वळ उठला.

"पाणी नाही. तेल उडेल. बाहेर जाऊन सिलिंडर बंद कर. जा."

सिलिंडर मागच्या बाजूला बाहेर होता. ती गेली. पीटरनं पीठ मळायची मोठी परात दोन्ही हातांनी आडवी धरली, तोंड बाजूला केलं आणि कडेनं सरकवत कढईवर ठेवली. कारखान्यात तेल पेटताना त्यानं पाहिलं होतं. खालची आग दडपली. वरची जाळी थोडा वेळ जळत राहिली आणि जळायला काही उरलं नाही तशी विझली.

पण आता ओव्हनच्या दाराच्या फटीतून काळा धूर येऊ लागला. आतल्या पावाच्या प्लास्टिकच्या पिशव्या खालच्या आगीनं वितळल्या होत्या. फ्लॉसी परत येऊन दाराकडे हात करत होती.

"उघडू नको," पीटर म्हणाला. "आत हवा जाईल. बंद आहे तोवर आतल्या आत मरेल."

"आणि तू? तू इथं उभा आहेस."

"हो. इथंच उभा आहे."

आम्ही खिडक्या उघडून बाहेर पडवीत आलो. परातीला कुणी हात लावायचा नाही, असं त्यानं बजावलं. फ्लॉसीनं त्याच्या सदऱ्यावर हात ठेवून ठोके मोजायचा प्रयत्न केला, पण दर वेळी तिचा आकडा चुकत होता. शेवटी त्यानंच तिचा हात धरून ठेवला. कार्मिनकडे मी निरोप दिला की निम्मे फुगे बेकरीतून आणा.

दुसऱ्या दिवशी पीटरला तपासायला नेलं, मीही गेले. सगळं ठीक निघालं. उठायच्या वेळी फ्लॉसी खुर्चीतच राहिली.

"डॉक्टर, मायक्रोवेव्ह चालतो का यांना?"

"घरातला चांगल्या स्थितीतला ओव्हन असेल तर चालतो," डॉक्टर म्हणाले. "दार वाकलं असेल, नीट बसत नसेल, तर मात्र वापरू नका, आणि ते कुणासाठीच. अंकल, मोबाइल कुठे ठेवता?"

पीटरनं सदऱ्याच्या डाव्या खिशाला हात लावला. पेसमेकरच्या अगदी वर.

"तो तिथं नको. दुसऱ्या बाजूला ठेवा."

फ्लॉसीनं फोन स्वतः काढून घेतला. परत येताना रिक्षात तिनं तो आपल्या मांडीवर धरून ठेवला. इतके महिने त्याला स्वयंपाकघराबाहेर ठेवलं आणि फोन रोज सकाळी तीच त्याच्या खिशात सरकवत होती, जवळ असावा म्हणून.

संध्याकाळी तिनं जॉयलला व्हिडिओ कॉलवर जळालेलं सगळं दाखवलं. तो घाबरला, मग चिडला.

"मम्मी, मी विचारायचो ना, जाळी धुतेस का. तू हो म्हणायचीस."

"खोटं बोलले. कुठं असते तेच ठाऊक नव्हतं."

"मग विचारायचं ना."

"तू हौसेनं केलंस रे. पण ते तुझ्या उंचीनं केलंस. माझा हात पोचत नाही तिथं. भाजले ते तुला सांगितलं नाही, कारण तुला वाईट वाटलं असतं." ती एवढं सरळ त्याच्याशी कधी बोलली नव्हती. जॉयलनं तिला मनगट दाखवायला लावलं. मग म्हणाला, "काढून टाकू?"

"मी बघते," ती म्हणाली आणि दोघांना काय बोलायचं ते बोलू दे म्हणून फोन पीटरच्या हातात दिला.

कंपनीच्या माणसानं येऊन जुना ओव्हन निकालात काढला. दाराची प्लास्टिकची कड वितळली होती, तो दुरुस्त करण्यासारखा नव्हता. नवीन त्याच जागी बसवायचा की ओट्यावर ठेवायचा, यावर दोघांत आठवडाभर वाद चालू होता. फ्लॉसीचं म्हणणं, नकोच. पीटरचं म्हणणं, धूर ओढायला पंखा हवा. शेवटी ठरलं ते असं: ओव्हन वरच राहील, पण त्यातून गरम भांडं फ्लॉसी काढणार नाही. पीटर काढेल. तो चांगला उंच आहे, ओव्हनचं दार त्याच्या छातीशी येतं. शेगडी पेटती असताना वर हात घालायचा नाही. पंखा तळायच्या आधी चालू. तळण जास्त असेल तर मागच्या अंगणातल्या शेगडीवर, आणि तिथून हलायचं नाही, कुणी हाकेला ओ दिली नाही तरी.

शेवटची अट पीटरची होती. ती मान्य करणं फ्लॉसीला जड गेलं. पहिल्या वेळी अंगणात बोंबील तळताना ती दोनदा उठू पाहत होती. मी शेजारी बसून तिचा पदर धरून ठेवला.

आता पीटर स्वयंपाकघरात असतो. जाळी तोच काढतो, ती गरम पाण्यात साबण घालून ब्रशनं घासते आणि उन्हात उभी करून ठेवते. दुपारी तो काचेच्या भांड्यात रस्सा गरम करतो, काढण्याआधी जरा थांबतो, जाड फडक्यानं धरून ओट्यावर ठेवतो आणि झाकण तिच्या तोंडापासून लांब उघडतो. ती सतत सांगत असते, "हळू. कडेनं धर. हळू." तो ऐकत असतो आणि गावातलं काहीतरी सांगत असतो. गेल्या आठवड्यात गेले तेव्हा आचोळ्याला राहायला गेलेल्या एका जुन्या मित्राची हकीकत चालू होती, ती कुठून सुरू झाली ते मला कळलं नाही.

फ्लॉसीला चैन पडलेलं आहे असं मी म्हणणार नाही. हल्ली तिला पेसमेकरच्या बॅटरीची काळजी लागली आहे. ती किती वर्षं टिकते, संपायच्या आधी कळतं का, रात्री संपली तर काय. या वेळी मात्र ती कार्मिनकडे गेली नाही. पुढच्या तपासणीत डॉक्टरांना काय काय विचारायचं ते मला रोज एकेक सांगते, आणि मी विसरले तर तिला आठवतंच.