देव्हाऱ्यातला अकरावा डॉलर

पोलिसातल्या नोकरीतल्या बऱ्याच केसेस आता एकमेकींत मिसळून गेल्या आहेत. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीतली ती घटना मात्र आजही जशीच्या तशी आठवते, कारण तिच्यात मी चुकलो होतो.

तक्रार साधी होती. ऐंशी ओलांडलेल्या एक मराठी आजी एकट्या राहायच्या. त्यांचे पती बोटीवर इंजिनिअर होते. अमेरिकेच्या कुठल्याशा बंदरात त्यांनी चांदीचे अकरा जुने डॉलर घेतले होते. ते गेल्यापासून डॉलर देव्हाऱ्यात, एका वाटीत असत. ब्रॅकनेलला आयटीत असलेला मुलगा वीकेंडला आला, त्याने नाणी मोजली, तर दहाच भरली.

"घरात बाहेरचं माणूस एकच येतं, सर," तो म्हणाला. "केअरर."

केअरर नागपूरची, चाळिशीतली. रोज सकाळी येऊन आजींना अंघोळ घालायची, औषधं द्यायची. तिचा व्हिसा केअर कंपनीच्या भरवशावर होता. चोरीचा ठपका बसला की नोकरी जाणार, नोकरी गेली की देश सोडावा लागणार. तिची मुलगी इथल्याच शाळेत शिकत होती.

मी आजींना विचारलं, "तुम्ही कुणाला नाणं दिलंत का?"

"मी कशाला देऊ? ह्यांची आठवण आहे ती!" आजी कडाडल्या. मी जबाबात तसं लिहून घेतलं.

आसपासच्या नाणी विकणाऱ्यांना आम्ही फोटो पाठवले. चौथ्या दिवशी एका म्हाताऱ्या इंग्रज दुकानदाराचा फोन आला. केअररचा गणवेश घातलेली एक बाई तसंच नाणं घेऊन आली होती. विकलं नाही, किंमत काय होईल एवढंच विचारलं, आणि तपासायला ठेवून गेली. स्वतःचं नाव आणि फोन नंबरही देऊन गेली होती.

मी दुकानात पोहोचलो. म्हाताऱ्याने नाणं काट्यावर ठेवलं. पावणेसत्तावीस ग्रॅमच्या आसपास भरलं. मग चुंबक लावून पाहिलं, चिकटलं नाही. भिंगातून कडेच्या रेघा मोजल्यासारख्या निरखल्या. एका बाजूला स्वातंत्र्यदेवीचा चेहरा, दुसऱ्या बाजूला गरुड, आणि गरुडाखाली दोन बारीक 'सी'.

"ही टांकसाळीची खूण," तो म्हणाला. "ही खूण असलेली कमी मिळतात. बाकीची साधी असतील तर चांदीच्या भावाहून थोडी वर जातील, हे एकटं त्यांना भारी आहे. पण कुणीतरी वर्षानुवर्षं घासलंय हो हे! घासलेल्या नाण्याला संग्राहक विचारत नाही. आणि हा लाल गंज कसला? चांदी गंजत नाही."

गंज कसला, ते कुंकू होतं. गरुडाच्या पिसांत अडकलेलं. दर दिवाळीत लक्ष्मीपूजनाआधी आजींनी चिंच लावून ती नाणी लख्ख केली असणार, हे मला दुकानातच समजलं. नाणं त्याच देव्हाऱ्यातलं होतं. चोर सापडला, असं मी मनाशी म्हटलं.

चौकशी नियमाप्रमाणे झाली. रेकॉर्डर चालू, शेजारी तिचा वकील, आधी हक्कांची सूचना.

"आजींनी ओटीत घातलं, साहेब," बाई म्हणाली. "नारळ, तांदूळ आणि हे. भारी असेल तर परत द्यायचं, म्हणून दाखवायला नेलं."

"आजी तर दिलं नाही म्हणतात."

ती बराच वेळ गप्प राहिली. "मग त्यांचंच खरं धरा," एवढंच बोलली.

इतकी वर्षं पोलिसात काढून मी त्या गप्प बसण्याला गुन्ह्याची कबुली समजलो. चोर कधी दुकानदाराला आपला फोन नंबर देऊन जातो का? पण अक्कल गहाण टाकली होती मी! कंपनीने तिला लगेच घरी बसवलं.

पुढे जे झालं त्यात माझी हुशारी काहीच नाही. जबाबावर आजींची एक सही राहिली होती. मी गेलो, सोबत एक तरुण डिटेक्टिव्ह मुलगी होती. लंडनच्या एजवेअरला जन्मलेली, आईवडील मराठी, नुकतंच लग्न झालेलं, कॉलरआड मंगळसूत्र. आजींचा मुलगाही होता. सही झाली.

"आजी, तुमची घर खूप छान आहे," ती आपल्या मोडक्या मराठीत म्हणाली. आजी खूश झाल्या. आम्ही उठलो.

"अगं, सवाष्ण अशीच निघालीस?" विधवेने हळदीकुंकू करू नये असं कुणी म्हटलं तर आजी त्याला दारात उभं करत नसत. त्या देव्हाऱ्याजवळ गेल्या, तिला कुंकू लावलं, मूठभर तांदूळ घेतले, वाटीत न बघता हात घातला. "पदर नाही तर नाही, ओंजळ कर."

तिच्या ओंजळीत तांदळावर चांदीचा डॉलर पडला.

"आई," मुलगा पुढे झाला, "काय दिलंस तू तिला?"

आजींनी स्वतःच्या रिकाम्या हाताकडे पाहिलं. "कुठे काय? कुंकू लावलं फक्त."

मुलाने वाटीतली नाणी मोजली. नऊ. मला त्या क्षणी माझी लाज वाटली.

गुन्हा घडलाच नाही, असं मी त्याच दिवशी कंपनीला लेखी कळवलं. सोमवारी बाई कामावर परत आली, तेव्हा मी मुद्दाम गेलो. हात जोडून माफी मागितली आणि विचारलं, "आजी विसरतात हे तुम्हाला माहीत होतं. एका वाक्यात सुटला असतात. का नाही सांगितलंत?"

"आजींनी हात धरून सांगितलं होतं, मी विसरते हे मुलाला कळू देऊ नकोस, तो मला म्हाताऱ्यांच्या होममध्ये ठेवेल. मी सुटले असते हो साहेब, पण त्यांचं काय झालं असतं?"

मुलगा दारात उभा राहून ऐकत होता. मी परत आणून दिलेला अकरावा डॉलर त्याने आईपुढे धरला. "आई, हा वाटीत ठेवू?"

आजींनी नाणं उलटसुलट केलं, पिसांतलं कुंकू पाहिलं. "कुणाच्या तरी ओटीतला आहे. ओटीतलं परत घेतात का रे? एवढंही शिकवलं नाही मी तुला?"

त्याने तो बाईंच्या हातात दिला.  आजी अजूनही त्याच घरी आहेत, बाईही. मी निवृत्त होईपर्यंत पुढे एक सवय मात्र पाळली. समोरचा माणूस गप्प बसला की, काय लपवताय, हे विचारण्याआधी मी विचारत असे, कुणाला वाचवताय?