छत्रीची पाळी

आमच्या आप्पांनी जोडलेली वायर सुटल्याचं आजवर कुणी पाहिलेलं नाही. एका वैशाखात असा वारा सुटला की यवतच्या ढाब्याचे पत्रे भीमा ओलांडून आमच्या मांडवगण फराट्याच्या उसात येऊन पडले. एका पत्र्यावर भजी होती आणि ती अजून गरम होती. गावातल्या निम्म्या डिश त्या दिवशी आभाळ सोडून विहिरीत बघायला लागल्या. आमच्या स्लॅबवरची छत्री मात्र तसूभर हलली नाही. हलणार कशी? तिचा खांब आप्पांनी पाच एचपीच्या मोटारीसारखा काँक्रीटमध्ये रोवलाय. उद्या खालचं घर पडलं तरी छत्री हवेत उभी राहील आणि सिग्नल तेवढाच दाखवेल.

आप्पा म्हणजे माझे थोरले चुलते. माझे वडील नोकरीपायी दौंडला आले आणि मी तिथंच वाढलो. शेतावर आप्पा आणि त्यांचे धाकटे भाऊ तात्या राहिले. आप्पांनी जन्मभर पाइपलाइनी जोडल्या, त्यामुळं टीव्हीची जोडणीही ते पाण्याच्याच हिशेबानं करतात. आभाळातून चित्र पडतं, छत्री ते गोळा करते, छत्रीपुढचा बोंडाएवढा डोळा ते पितो आणि काळ्या वायरीतून ते घरात वाहत येतं. म्हणून वायरीला उतार पाहिजे. मध्ये झोळ पडला की चित्र तिथं तुंबतं.

"आन् तुंबलेलं चित्र नासतं," ते मला सांगायचे. "मग बातम्या शिळ्या लागत्यात."

मी हसायचो. पण त्यांचा हात चालू झाला की हसू आपोआप आत जायचं. वायरीचं टोक सोलताना ते श्वास धरत. वरचं काळं साल, खाली तारांची बारीक जाळी, तिच्या आत पांढरा गर आणि मधोमध तांब्याची एकच तार. जाळीचा एक केस जरी त्या तांब्याला चिकटला तरी पडदा काळा. आप्पा ती जाळी अशी मागं वळवायचे, जशी आई पोरीच्या कपाळावरचे केस मागं सारते. मग पिन पिळून बसवायची आणि वायर कानाला लावून ऐकायची. काय ऐकू यायचं कोण जाणे. त्यांनी मान डोलावली की खाली टीव्ही लागलेला असायचा.

दोघा भावांची वाटणी झाली तेव्हा छत्री एकत्रातली होती. तात्यांचं घर भिंतीला भिंत लावून, पण काटकोनात, त्यामुळं आमच्या स्लॅबवरून त्यांच्या खिडकीतून आतलं दिसायचं. आप्पांनी पाइपाला बसवतात तशी वायरीला स्लॅबवर टी बसवली: अर्धं चित्र इकडं, अर्धं तिकडं. इथं पाण्याचा हिशेब पहिल्यांदा चुकला. चॅनेलांचे असतात दोन गट, आणि छत्रीचा तो डोळा एका वेळी एकाच गटाकडं बघतो. तात्यांनी कुस्त्या लावल्या की आमच्या थोरल्या काकीच्या मालिकेतली सून बोलता बोलता गायब. दोन्ही घरांनी एकच चॅनेल लावलं तर दोघांनाही झकास दिसायचं. पण वाटणी झालेली माणसं एकच गोष्ट कशाला बघतील?

मग आप्पांनी विहिरीचा कायदा छत्रीला लावला. विहिरीच्या पाण्याला जशी पाळी, तशी छत्रीला पाळी. एक आठवडा यांचा, एक त्यांचा. ज्याची पाळी नाही त्यानं बॉक्सचा प्लग काढून ठेवायचा. पुढं बांधावरच्या शेवग्याच्या शेंगांवरून दोन्ही घरांचं बोलणं बंद झालं, पण छत्रीची पाळी कुणी मोडली नाही. दुसऱ्याच्या पाळीत पाणी ओढणारी माणसं मी पुष्कळ पाहिलीत. आप्पांनी दुसऱ्याच्या पाळीत हातसुद्धा धुतले नसतील.

अशात गेल्या दसऱ्याआधी टीव्हीवरच्या शेतीच्या कार्यक्रमाची माणसं येऊन थोरल्या काकीच्या झेंडूत शूटिंग करून गेली. काकी अशी बोलली की कॅमेरावाल्याला वाटलं, आपणही कॅमेरा विकून झेंडू लावावा. कार्यक्रम लागणार एकदाच, संध्याकाळी साडेसहाला. आणि तो दिवस पडला तात्यांच्या पाळीत.

काकीच्या घरातला आरसा कुंकवापुरता. लग्नाकार्याच्या फोटोंत ती कायम पंगतीत वाढताना, पाठमोरी. सबंध काकी, डोक्यापासून पायापर्यंत, काकीनं कधी पाहिलीच नव्हती.

"मोबाईलवर बघू की," मी म्हणालो.

"मोबाईलवर मी मुंगीएवढी दिसणार. मी काय मुंगी हाय?"

"मग तात्यांना सांगू का, अर्धा तास द्या म्हणून?"

"पाळी त्यांची हाय. मागून बघायचं आसंल तर न्हाई बघितलं तरी चालंल." एवढं बोलून ती उगीचच घासलेली भांडी पुन्हा घासायला लागली.

आप्पा उठले आणि गोठ्याकडं गेले. तिथं कुणीतरी टाकून दिलेली एक जुनी छत्री होती, आणि तिच्यात खुडूक कोंबडी अंड्यांवर बसली होती. आप्पांनी अंडी एकेक करून घमेल्यात ठेवली, वर कोंबडी ठेवली, कोंबडीनं त्यांच्या सात पिढ्यांचा उद्धार केला तो ऐकून घेतला, आणि छत्री पुसत काकीला म्हणाले, "नवी छत्री म्हंजी नवी विहीर. तिला पाळी न्हाई. बॉक्स लाव तू."

काकीनं प्लग लावला. आम्ही दोघं स्लॅबवर चढलो. आप्पांनी नव्या छत्रीला कुठूनसा एक डोळा बसवला, वायर सोलली, आणि मला म्हणाले, "जोडलंय मी. तू फक्त तात्याच्या शेवग्याच्या शेंड्यावर नेम धर आन् हळूहळू फिरव."

मी फिरवू लागलो. आप्पा कठड्याला टेकून खाली काकीला ओरडून विचारू लागले. काकी एका अंगाला आणि आप्पा मात्र दुसऱ्या, तात्यांच्या बाजूच्या कठड्याला, हे मला जरा चमत्कारिक वाटलं.

"आलं का गं?"

"न्हाई. सिग्नल न्हाई म्हणतंय."

"साडेसहाला तुझं लागणार हाय ना? शेतीच्या कार्यक्रमात?"

"व्हय की. तुम्हाला ठाव न्हाई का?"

"एकदाच लागणार ना?"

आप्पांचा आवाज असा की नदीपलीकडं, दौंडच्या हद्दीत, म्हशींनी रवंथ थांबवून माना वर केल्या. फिरवून फिरवून माझे हात भरून आले. मी छत्री इतकी फिरवली की मधे एकदा मला वाटलं, आपण दुसऱ्या देशाच्या निवडणुका पकडतोय.

आणि खालून काकीचा आवाज आला. मोठा नव्हे, एकदम बारीक.

"आलं."

"हलू नको," आप्पा मला म्हणाले.

मी पुतळा झालो. पुतळ्याला बघायला फक्त खालची फरशी. तिथं माझ्या पायाशी नव्या छत्रीची वायर पडली होती. टोक छान सोललेलं, पिन बसवलेली, पण पिन कशालाच जोडलेली नव्हती. जुनी टी जागच्या जागी होती, दोन्ही घरांच्या दोन्ही वायरी तिला घट्ट. मी मान न हलवता डोळे तात्यांच्या खिडकीकडं नेले. आत पडदाभर झेंडू पिवळा झाला होता, आणि झेंडूत आमची काकी उभी होती. तात्या मांडी घालून समोर बसले होते. धाकटी काकी पिठाचे हात तसेच धरून उभी होती. आपल्या हक्काच्या पाळीत त्यांनी कुस्त्या बंद करून शेतीचा कार्यक्रम लावला होता. दोन्ही घरांत एकच चॅनेल.

"आप्पा, ही वायर तर..."

"हलू नको म्हणतो ना. काकीचं चित्र हलंल."

तेव्हा मी ती कशालाच न जोडलेली छत्री कार्यक्रम संपेपर्यंत धरून उभा राहिलो. खालून काकीचं एकच वाक्य ऐकू आलं, ते तिनं कुणालाच उद्देशून म्हटलं नव्हतं.

"मी एवढी उंच हाय व्हय."

कार्यक्रम संपला तशी धाकटी काकी दारात आली. शेवग्यापासूनचं तिचं पहिलं बोलणं.

"बाई, साडीचा रंग चांगला दिसला. कुठली?"

"यवतच्या बाजारातली," काकी म्हणाली. मग पदर सारखा करत म्हणाली, "एकदा जाऊ दोघी."

दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा छत्री गोठ्यात नेऊन अंडी पुन्हा तिच्यात मांडत होते. कोंबडी बाजूला उभी राहून देखरेख करत होती.

"आप्पा," मी म्हणालो, "नव्या छत्रीची वायर जोडलेलीच नव्हती."

आप्पांनी शेवटचं अंडं ठेवलं. "तू धरलीस म्हणून आलं," ते म्हणाले. "छत्री अशी धरणारा माणूस दोन तालुक्यांत न्हाई."

त्या अंड्यांतली पिल्लं बाहेर पडली ती एकजात शेवग्याच्या शेंड्याकडं तोंड करून उभी राहतात. हे कुणाला खरं वाटत नाही. पण छत्री मी धरली म्हणून काकी टीव्हीवर दिसली, हे मात्र दौंडला सगळ्यांना पटलेलं आहे.