व्हर्लीनचा न धुतलेला कोट

व्हर्लीनचं कौतुक ऐकलं की माझा जळफळाट व्हायचा. खोटं कशाला बोलू? मिनेसोटातल्या त्या प्रयोगशाळेत आम्ही दोघी अठरा वर्षं उंदरांचं ब्लडप्रेशर मोजत होतो. शेपटीला इवलासा पट्टा बांधायचा नि आकडा बघायचा. माझ्या हातात उंदीर थरथरायचे. तिच्या हातात? डुलक्या काढायचे मेले!

"अगं आर्डिस, उंदराला धरतेयस की पिळतेयस?" ती हसायची.

ती गाईगुरांच्या घरची, कॉलेजचं तोंड न पाहिलेली. मी पदवीधर! तरी मेंदूतल्या सेरोटोनिन नावाच्या रसायनाच्या प्रयोगाला आमच्या प्रमुखांनी, डॉक्टर लिंडक्विस्टनी, तिलाच निवडलं. अर्ध्या उंदरांच्या मेंदूत सेरोटोनिनसारखं काम करणारं औषध, उरलेल्यांना नुसतं मिठाचं पाणी. औषधवाल्या उंदरांचं प्रेशर उतरलं, तसे डॉक्टर म्हणाले, "व्हर्लीन, शोधनिबंधावर तुझं नाव येणार!" मी टाळ्या वाजवल्या. आत नुसती आग.

तिचा एक कळकट कोट होता. ती तो कधी धुवायची नाही, कारण उंदीर माणसाला वासावरून ओळखतात. एका शुक्रवारी मी तो घरी नेला नि फुलांच्या वासाच्या साबणानं दोनदा धुतला.

सोमवारी उंदीर बिथरले. सगळे आकडे चढले. डॉक्टरांचा चेहरा पडला. "शांत उंदरांवरच औषध चालतं की काय? मग काय उपयोग त्याचा?"

व्हर्लीननं कोट हुंगला, माझ्याकडे बघितलं. मग ती वही उघडून बसली.

"डॉक्टर, माझा कोट धुतलाय, वास बदलला म्हणून बिथरलेत. चढले सगळेच. पण औषधवाले बरेच कमी चढलेत. अहो, घाबरलेल्या उंदरावरही चालतंय की हे!"

डॉक्टर खुर्चीतून उठलेच. "हे तपासायचं आपल्याला सुचलंच नव्हतं! कोट कोणी धुतला?"

"आर्डिसनं," ती म्हणाली. "मीच सांगितलं होतं. तिचंही नाव घाला."

निबंध छापून आला, दोघींची नावं शेजारी शेजारी. मी तो आजवर उघडून वाचलेला नाही.

तीन वर्षांनी ती निवृत्त झाली. जाताना पुन्हा कळकट झालेला तो कोट माझ्या हातात दिला. "घाल. आणि धुऊ नकोस हं, बाई."

मी रोज घालते. उंदीर आता माझ्या हातात झोपतात, व्हर्लीन समजून.